महाराज झालेले बत्तासेकाका

बत्तासेकाकांइतका घाबरट माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. पालीला घाबरायचे, गल्लीतल्या मरतुकड्या कुत्र्याला घाबरायचे, मोठा रस्ता ओलांडायचा असला की शेजारी उभा असेल त्याचा हात धरायचे. दवाखान्याचं तर नाव काढायची सोय नव्हती. सिस्टरनं सुईचं पाकीट फोडलं की हा साठीचा गडी डोळे गच्च मिटून ‘मेलो, मेलो’ सुरू करायचा, आणि अजून दंडाला कापूससुद्धा लागलेला नसायचा. आणि हाच माणूस स्टेजवर चढला की किनवटपासून देगलूरपर्यंतची माणसं पोट धरून लोळायची. एवढ्या लोकांपुढं उभं राहायला भीती कशी वाटत नाही, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “वाटती की. लई वाटती. पन एक डाव हसले की मी वाचलो.” हे वाक्य ते येता-जाता म्हणायचे.

खरं नाव त्यांच्या रेशनकार्डावरच राहिलं. तरुणपणी पहिल्याच नाटुकल्यात त्यांना प्रसादाचे बत्तासे चोरणाऱ्या भक्ताचं काम मिळालं होतं. दोन्ही गालांत बत्तासे कोंबलेले असताना पकडले गेल्यावर ते जे काही बोलले त्यातलं अवाक्षर कुणाला कळलं नाही, पण मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. तेव्हापासून ते बत्तासे. पुढे सरकारी कलापथकात लागले. गावोगाव फिरायचं, गाणी आणि बतावण्या करून लोकांना सांगायचं की पोरांना लस टोचा, दारू सोडा, ताप आला तर बुवाकडं नको, दवाखान्यात जा. त्यातला ढोंगी बुवा ठरलेला, आणि तो बत्तासेकाकांनीच करायचा. खोटी दाढी एका कानाला लटकलेली, एक डोळा ध्यानात मिटलेला, दुसरा दक्षिणेच्या ताटावर. अंगारा फुंकायला जायचे आणि तो आपल्याच नाकात जाऊन शिंकत बसायचे. स्वतः दवाखान्याला एवढा भिणारा माणूस जिल्हाभर लोकांना दवाखान्यात धाडत हिंडला, हे आठवून काकू त्यांना फार चिडवायच्या.

नांदेडला आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी, दोघीच. मी कॉलेजात शिकवते म्हणून ते मला मास्तरीणबाई म्हणायचे. आई त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी. आईला तरुणपणापासून फिट यायची. पुढे गोळी सुरू झाली, फिट थांबली, पण भीती काही थांबली नाही. ती कधी विहिरीकडे गेली नाही, गच्चीच्या कठड्याला टेकली नाही. लग्नकार्यात पंगतीला बसायच्या आधी पदराच्या गाठीतली गोळी चाचपून बघायची. या दोन घाबरटांचं फार छान जमायचं. काकांना नवी बतावणी सुचली की ते मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात यायचे आणि ओट्याशी उभ्या असलेल्या आईपुढं ती करून दाखवायचे. आई हसली तर ती बतावणी स्टेजवर जायची, नाही हसली तर तिथंच मेली. आई हसायची तीसुद्धा कशी, तोंडाला पदर लावून, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मग ‘पुरे हो भाऊजी, पोळी करपली’ असं म्हणायची. काका तेवढ्यावर खूश होऊन घरी जायचे.

तर अशा माणसाला लातूरच्या एका निर्मात्यानं आपल्या आध्यात्मिक चित्रपटात महाराजांचं काम दिलं. गोष्ट एका माळावर राहणाऱ्या महाराजांची. रोगी, दुःखी माणसं त्यांच्याकडं येतात आणि बरी होऊन जातात. काका रिटायर झाले होते, घरात बसून कंटाळले होते, तरी हे ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या स्वयंपाकघरात येऊन मटकन बसले. लोक आपल्याला बघितलं की हसतात, तोंड उघडायच्या आधीच हसतात, मग महाराज समाधीला बसल्यावर हसले तर? अख्खा पिक्चर आपल्यापायी बुडायचा. तिकडं काकूंच्या माहेरची माणसं वेगळ्याच कारणानं चिडलेली. काकांच्या घरात सकाळी बुद्धवंदना व्हायची, देव्हारा नावाला नाही, आणि जन्मभर बुवाबाजीवर बोललेला माणूस म्हातारपणी बुवा व्हायला निघालाय. काकांनी त्यांच्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, “आमच्या घरात देव न्हाई, आन् मलाच देव करून राहिलेत. मी काय करू?” आईनं मात्र त्यांना धीर दिला. तुम्ही करा भाऊजी, मी बघायला येते, म्हणाली. ते तिच्या शब्दाखातर गेले.

आता इथं त्यांची एक खोड सांगायला पाहिजे. बतावणीत काम केलेली माणसं लिहिलेलं तेवढंच बोलत नाहीत, पदरचं घालतात. काकांची तर जीभच तशी वळलेली. रेणापूरजवळच्या माळावर शूटिंग चाललं होतं. एक आजारी बाई औषधाच्या पुड्या घेऊन महाराजांच्या पायाशी येते आणि महाराज नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवतात, एवढंच कागदावर होतं. काकांना ती नुसती शांतता सोसवेना. ते बोलून गेले, “त्या पुड्या फेक, माय. आता मी हाय ना.” दिग्दर्शकाला ते फार आवडलं. त्यानं ते तसंच ठेवलं. घरी आल्यावर काकांनी मोठ्या कौतुकानं आम्हाला सांगितलं होतं की पिक्चरमधलं सगळ्यात झकास वाक्य मपलं हाय.

पहिला खेळ लातूरला होता. काका, आई आणि मी निर्मात्याच्या जीपनं गेलो. उकाड्यात काकांनी माकडटोपी घातलेली, कुणी ओळखू नये म्हणून. सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. महाराज पडद्यावर आले तशी पुढून एक शिट्टी आली, थोडी खसखस पिकली. काकांनी माझं मनगट इतकं आवळलं की नखं रुतली. पण हळूहळू हसू विरत गेलं. दाढी-जटांतला तो शांत, थकलेला चेहरा मीसुद्धा कधी पाहिला नव्हता. ‘आता मी हाय ना’ आलं तेव्हा आमच्या आजूबाजूच्या बायका हमसून रडत होत्या. मी आईकडं पाहिलं. ती रडत नव्हती. हात जोडून बसली होती.

खेळ सुटल्यावर एक पोरगेला बातमीदार दारात माईक घेऊन लोकांची मतं विचारत होता. काकांनी मला ओढत शेजारच्या रसवंतीच्या आडोशाला नेलं. मतं ऐकल्याशिवाय ते हलायला तयार नव्हते. एक बाई म्हणाली, हसायला म्हणून आले होते, रडून निघाले. एका पँटशर्टातल्या गृहस्थांनी विनोदी नटानं विनोदच करावा असं आपलं मत होतं हे आधी सविस्तर सांगितलं, मग ते मत आज मागे घेतो म्हणाले, फक्त सुरुवातीला महाराज बोटं मोडतात ते खटकलं. शिट्टी मारणारी कॉलेजची पोरं खाली मान घालून म्हणाली की आपल्याला लाज वाटली, हा बत्तासे आहे हेच विसरलो. शेवटी एक म्हातारी आली. तिनं चपला काढून ठेवल्या होत्या आणि ती पोस्टरपुढं वाकत होती. बातमीदार पोरानं तिच्यापुढं माईक धरला. “मत कसलं इचारतूस, लेकरा,” ती म्हणाली, “दर्शन झालं.”

काकांनी हातातला रसाचा ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी यांच्या जिवात जीव येईल. ते म्हणाले, “मास्तरीणबाई, एक जन बी हसला न्हाई. आता मला खरं भ्या वाटून राहिलं.” मी वैतागले. हसले तरी भीती, नाही हसले तरी भीती, या माणसाचं करायचं तरी काय! परतीच्या वाटेवर आई जीपमध्ये पुढं बसलेल्या काकांच्या मानेकडं बघत राहिली. नांदेडला घराशी उतरताना ती त्यांना वाकून म्हणाली, “येते, महाराज.” मी हसले. आई थट्टा करतेय असंच मला वाटलं होतं.

पिक्चर देगलूरला लागला, उदगीरला लागला, आणि काकांचं घराबाहेर पडणं अवघड झालं. मंडईत बायका पिशव्या खाली ठेवून पाया पडायच्या. नेहमीच्या न्हाव्याकडं दाढीला गेले तर त्यानं वस्तरा बाजूला ठेवून हात जोडले, महाराजांच्या दाढीला मला हात लावायला सांगू नका म्हणाला. काकांना घरी स्वतः दाढी करायची भीती, कापेल म्हणून. त्यामुळं दाढी वाढत चालली आणि ते जास्तच महाराज दिसायला लागले. लांबलांबून माणसं दारात येऊन बसायची. काका न्हाणीघरात आतून कडी लावायचे, आणि काकू सांगायच्या, बाहेरगावी गेलेत. एकदा एका बाईनं तापानं फणफणलेलं लेकरू उंबऱ्यावर ठेवलं. तुम्हीच म्हणलात ना मी हाय म्हणून, मग आता बघा, म्हणाली. काकूंनी ते लेकरू उचललं, त्या बाईला हाताला धरून रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. काका आतून सगळं ऐकत होते. बाहेर आले तेव्हा अंगावर पाणी ओतल्यासारखे घामानं भिजले होते.

एका रविवारी मी तुळशीची माती खुरप्यानं मोकळी करत होते. मातीत पांढरं काहीतरी लागलं. बघते तर अर्धवट विरघळलेल्या गोळ्या, एकीखाली एक. त्या आईच्या फिटच्या गोळ्या होत्या. मी तशीच मातीच्या हातांनी आत गेले आणि तिला विचारलं. ती जराही गडबडली नाही. “महाराजांनी पुड्या फेकायला सांगितल्या, मी फेकल्या,” ती म्हणाली. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कशाची भीती वाटत नाहीये. परवा मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले होते. ती भीती परत आणू नकोस गं.”

मी तिच्यावर ओरडले, रडले, पाया पडले. काही उपयोग झाला नाही. मग शेजारी गेले आणि काकांवर ओरडले. त्यांनी एवढंच विचारलं, वहिनी खरंच कठड्याला टेकल्या का? जरा वेळानं ते मागच्या दारानं आमच्या स्वयंपाकघरात आले. कलापथकातली जुनी खोटी दाढी स्वतःच्या वाढलेल्या दाढीवरून एका कानाला अडकवलेली. ओट्याशी आई उभी. काकांनी ढोंगी बुवाची अख्खी बतावणी तिच्यापुढं केली, डोळा मिटला, अंगारा फुंकला, शिंका दिल्या, जमिनीवर लोळले. या बतावणीला आई कित्येक वर्षं हसत आली होती. तिनं गॅस बंद केला, हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “महाराज, माझी परीक्षा नका बघू.”

काका उठून बसले. खोटी दाढी हातात आली होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला त्यांच्या तोंडावर जी भीती दिसली ती मी कुठल्या सुईपुढंही पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात फिट आली. मी मागं कपडे वाळत घालत होते. भांडं पडल्याचा आवाज आला. आत गेले तर आई खाली, दूध सगळीकडं उतू गेलेलं, तिचा हात भाजलेला, दात घट्ट बसलेले. मी किंचाळले तशी काकू धावत आल्या. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. काकाही रिक्षातून आले, पण फाटकाच्या आत काही त्यांचे पाय पडेनात. गज धरून उन्हात उभे राहिले. डॉक्टरांनी मला सुनावलं की गोळी अशीच बंद राहिली तर पुढच्या वेळी बाई उठतीलच याची खात्री नाही. आईला सलाईन लागलं, शुद्ध आली, घरी आणलं. मला वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडतील. मी गोळी पुढं केली. तिनं ओठ मिटून घेतले. “माझाच विश्वास कमी पडला,” ती म्हणाली. पडली तरी महाराज खरे, उभी राहिली तरी महाराज खरे. आता हिच्यापुढं बोलायचं तरी काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुढच्या दारानं आले. पुढच्या दारानं ते आमच्याकडं कधीच येत नसत. अंगावर पांढरं धोतर, पांढरं उपरणं, वाढलेली दाढी. मला बघून न बघितल्यासारखं करत ते आईच्या खाटेपाशी गेले. वहिनी म्हणाले नाहीत. पिक्चरमधल्या आवाजात बोलले. “माय, मीच फेक म्हनलो हुतो. आता मीच घे म्हनतो. माझ्या हातानं घे.” माझ्याकडं न बघता त्यांनी हात मागं केला. मी त्यांच्या तळव्यावर गोळी ठेवली. आईनं लहान मुलीसारखं तोंड उघडलं. गोळी तिच्या जिभेवर ठेवून ते म्हणाले, “आता मी हाय ना.”

मग ते चालत मागच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथंच बसले. मी पाणी दिलं. “जल्मभर ज्याची टिंगल केली, तेच आज करून आलो,” ते म्हणाले. “वहिनी वाचतील. पन त्यांचं हसू गेलं बगा, मास्तरीणबाई. देवाला कोन हसतंय?”

आई दुसऱ्या कुणाच्याच हातून गोळी घेईना. म्हणून काका रोज सकाळ-संध्याकाळ येत राहिले. पाऊस असो, अंगात कणकण असो, ते यायचेच. बाहेरगावच्या कार्यक्रमांना त्यांनी नाही म्हणायला सुरुवात केली. लोक म्हणायला लागले, महाराज झाल्यापासून बत्तासे गर्विष्ठ झाला. ते पुढच्या दारानं यायचे, आई पाया पडायची, ते गोळी द्यायचे आणि जायचे. ज्या स्वयंपाकघरात पोळ्या करपेस्तोवर हसणं चालायचं तिथं आता देव आणि भक्त. एकदा त्यांना काहीतरी सुचलं असावं. डोळे जुन्यासारखे चमकले, ‘वहिनी, काल काय झालं’ एवढं बोलून गेले. आईनं लगेच कान टवकारून हात जोडले. त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. मला त्या दिवशी त्यांची इतकी कीव आली की मीच आत जाऊन रडले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याच्या भीतीनं त्यांनी ते काकूंपासूनही लपवलं, आणि जेव्हा उचलून न्यायची वेळ आली तेव्हा फार उशीर झाला होता. वॉर्डातून त्यांचा निरोप आला, वहिनींनी गोळी घेतली का? घेतली नव्हती. सकाळपासून ती दाराकडं डोळे लावून बसली होती. मी तिला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात घेऊन गेले. महाराज आजारी कसे पडतील, हे काही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी तिला त्यांच्या कॉटपाशी उभं केलं. काकांनी तिला पाहिलं, कसाबसा चेहरा शांत केला, महाराजांचा केला, आणि गोळीसाठी माझ्यापुढं हात केला.

तेवढ्यात सिस्टर आल्या आणि त्यांनी सुईचं पाकीट फोडलं.

महाराज गेले कुठच्या कुठं. काकांनी चादर डोक्यावर ओढली आणि आतून ‘मेलो, मेलो, अगं हिला थांबीव, मेलो’ सुरू केलं. काकू पाय धरून बसल्या, सिस्टर कापूस हातात घेऊन थांबल्या, शेजारच्या कॉटवरची माणसं उठून बघायला लागली. मी डोळे मिटून घेतले. आता आईचं काय होणार, एवढीच धास्ती. आणि मला आवाज आला. आवाज कसला, श्वास कोंडल्यासारखं काहीतरी. मी ते ओळखलं. आईनं तोंडाला पदर लावला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“अहो भाऊजी,” ती म्हणाली, “अजून टोचलीसुद्धा नाही.”

चादर खाली आली. काका तिच्याकडं बघत राहिले. सिस्टरनी तेवढ्यात सुई दिली, त्यांना कळलंही नाही. मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, “हसल्या. भाऊजी म्हनल्या. मास्तरीणबाई, वाचलो बगा मी.” आणि गोळीसाठी पुन्हा हात पुढं केला. आईनं तो हात हळूच खाली ठेवला. राहू द्या, मी घेते, म्हणाली. माझ्या पर्समधून तिनं गोळी काढली आणि त्यांच्याच तांब्यातलं पाणी पिऊन घेतली.

काका वाचले नाहीत. त्याच आठवड्यात गेले. लातूर, देगलूर, कुठून कुठून माणसं आली, महाराज गेले म्हणून रडली, पायांवर डोकी ठेवली. आई त्या गर्दीत कोपऱ्यात उभी होती. ती कुणाच्या पाया पडली नाही. घरी आल्यावर तिनं संध्याकाळची गोळी घेतली आणि उद्याची पदराच्या गाठीत बांधली.

आता तिची भीती परत आली आहे. गच्चीवर गेली तर भिंतीच्या कडेनं चालते, गॅसजवळ असली की मला हाक मारते, दहादा गाठ चाचपते. तिचं घाबरणं बघितलं की माझ्या जिवात जीव येतो, आणि मग मला माझीच लाज वाटते. परवा गोळी तोंडात टाकता टाकता ती एकटीच थांबली आणि तोंडाला पदर लावला. मी धसकून विचारलं, काय झालं गं?

“काही नाही,” ती म्हणाली. “भाऊजींची दाढी आठवली.”